वियुक्त कुटुंबासाठी काय मागावे?

घरात कोणी आजारी पडले तर देवापाशी काय मागावे हे कोणाला शिकवावे लागत नाही. कोणी दूरच्या प्रवासास निघाला, कोणाच्या घरी प्रसूती जवळ आली, कोणाचे वर्षश्राद्ध असले, तर त्या त्या प्रसंगाची प्रार्थना परंपरेने आपल्या ओठांवर ठेवलेली आहे. परंतु एक प्रसंग असा आहे की, तेथे भाविक मनुष्यही गोंधळतो. शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्यांनी एखाद्या घरातील मुले, त्यांच्याच रक्षणासाठी म्हणून, आईबापांपासून दूर नेली आणि त्या घरचे माणूस आपल्यापुढे हात जोडून म्हणाले, ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’, तर आपण ईश्वरापाशी नेमके काय मागावे? मुले परत यावीत, एवढेच? ती ज्या कारणाने नेली गेली ते कारण खरे असेल तर? आणि ते खोटे असेल तर? खरे-खोटे आपणांस ठाऊक नसताना ईश्वराला कोणाच्या बाजूने उभे राहण्यास सांगावे?

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात हा प्रश्न माझ्या दारी आला. रायपुरात भोसल्यांच्या अमलापासून मराठी घरे नांदत आहेत. संस्कृत ग्रंथांचे मराठी भाषांतर हा माझा व्यवसाय. आणि लहानपणी पाठशाळेत गुरूंपाशी बसून शिकलेले थोडे कर्मकांड गाठीशी असल्यामुळे कोणी बोलावले तर संकल्प सांगण्यासही जातो. त्या संध्याकाळी गोंदियाकडील एका गावाहून आलेली एक वृद्धा माझ्या ओसरीवर येऊन बसली. तिची मुलगी आमच्याच वस्तीत दिलेली होती. जावई मद्याच्या आहारी गेलेला. नऊ वर्षांचा नातू वर्गात बाकाला पाठ टेकीना, म्हणून शिक्षिकेने त्याचा सदरा वर करून पाहिले, तो पाठीवर पट्ट्याचे वळ. शाळेने कळविले, चौकशी झाली, आणि नातू व त्याची पाच वर्षांची बहीण या दोघांनाही बाल कल्याण समितीच्या आदेशाने बालगृहात ठेवण्यात आले. मुलगा मुलांच्या गृहात, मुलगी मुलींच्या. आजीच्या हातात त्या आदेशाची प्रत होती. हिंदी तिला बोलता येई, पण कागदावरची हिंदी उलगडेना. म्हणून मी ती वाचून तिला मराठीत सांगितली.

‘गुरुजी, कागदाचं राहू द्या,’ ती म्हणाली. ‘असं काही अनुष्ठान सांगा की त्या साहेबलोकांची मती फिरेल आणि लेकरं आठ दिवसांत घरी येतील.’

मी विचारले, ‘आजी, नातवाच्या पाठीवरचे वळ तुम्ही कधी पाहिले होते का?’

ती बराच वेळ पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळीत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, ‘पाहिले होते. दिवाळीला आले होते तेव्हाच पाहिले होते. लेकीचा संसार मोडेल म्हणून बोलले नाही.’

यावर तिला उपदेश करण्याचा अधिकार मला नव्हता. कारण ते घर माझ्या मागल्याच गल्लीत होते, आणि रात्री मुलाच्या रडण्याचा आवाज मीही ऐकला होता. एकदा तर हातातील भाषांतरात व्यत्यय नको म्हणून मी उठून खिडकी लावून घेतली होती. तिने पाहून न पाहिल्यासारखे केले, मी ऐकून न ऐकल्यासारखे केले. ज्या शिक्षिकेचे त्या मुलाशी ना रक्ताचे नाते होते ना शेजाराचे, तिने मात्र पाहिले आणि सांगितले.

वाचकांस ठाऊक आहेच की, कोणतेही अनुष्ठान संकल्पावाचून होत नाही. देश-काळाचा उच्चार करावयाचा, गोत्र आणि नाव सांगावयाचे, आणि मग हे कर्म कशासाठी करीत आहोत ते एका समासात स्पष्ट बोलून उदक सोडावयाचे. तेथे संदिग्धता चालत नाही. ‘माझ्या मनात काय आहे ते देव जाणतो’ असे म्हणून पाणी सोडता येत नाही. आजीच्या संकल्पातील तो समास काय असावा, हा प्रश्न घेऊन मी त्या रात्री बसलो, आणि जो जो समास सुचला तो तो मला अपुरा वाटला.

पहिला समास आजीच्या मनातलाच होता: विरोधकांचा पराभव. परंतु येथे विरोधक कोण? मुलाची पाठ पाहणारी शिक्षिका? दुसरा समास काही शेजाऱ्यांच्या तोंडी होता: ‘अशा बापाला मुले पुन्हा कधीच मिळू नयेत.’ तीही प्रार्थनाच होती. पण तिच्यात मुलांविषयीच्या दयेपेक्षा बापाविषयीचा संताप अधिक होता, आणि मुलीला रात्री कुशीत घेणाऱ्या आईचा तिच्यात विचारच नव्हता. तिसरा समास सोयीचा: ‘देवाच्या मनात असेल ते होवो.’ हे वाक्य शरणागताच्या तोंडी शोभते. परंतु ज्याने खिडकी लावून घेतली आहे त्याच्या तोंडी ते शरणागतीचे नसून अंग झटकण्याचे होते.

हा गोंधळ एकट्या आजीचा नव्हे; सबंध देश एकदा त्यात सापडला होता. मे २०११ मध्ये नॉर्वे देशातील स्टॅव्हेंजर शहरात तेथील बालसंरक्षण विभागाने एका भारतीय बंगाली जोडप्याची दोन लहान मुले ताब्यात घेतली. मुलांना हाताने भरविणे, आपल्याच अंथरुणात निजविणे, अशा आपल्याकडे घरोघरी चालणाऱ्या गोष्टींवरही तेथे आक्षेप घेतला गेला, असे आईबापांनी सांगितले. तत्कालीन परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा यांनी नॉर्वेच्या शासनाशी बोलणी केली, आणि एप्रिल २०१२ मध्ये मुले काकाच्या स्वाधीन होऊन भारतात आली. आपणांपैकी अनेकांस वाटले, प्रार्थना फळली, प्रकरण सुखाने संपले. प्रत्यक्षात आई आणि मुले एकत्र आली नव्हती. मुले काकाकडे होती, पतिपत्नीत दुरावा आला होता, आणि आईला आपल्याच देशात पुन्हा दाद मागावी लागली. जानेवारी २०१३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या निर्णयाने मुले तिला मिळाली. देशाने मागितले होते मुलांचे मायदेशी परतणे. ते मिळाले; परंतु आईची कूस त्यानंतरही नऊ महिने रिकामीच राहिली. काय मागावे याचा विचार न करता मागितलेले मिळूनही उणे राहते, ते असे.

त्याच २०१२ सालच्या डिसेंबरात त्याच देशात, ऑस्लो येथे, दुसऱ्या एका भारतीय जोडप्याला आपल्या सात वर्षांच्या मुलाला वारंवार क्रूरपणे वागविल्याबद्दल शिक्षा झाली. बापाला १८ महिने आणि आईला १५ महिने कारावास. आधीचा प्रसंग ताजा असल्यामुळे याही वेळी आपल्याकडे पुष्कळांनी आपल्या माणसांवर परक्यांनी अन्याय केला असेच आधी गृहीत धरले. न्यायालयापुढे आलेला पुरावा निराळे सांगत होता. देश तोच, प्रार्थना करणारे आपणही तेच. परंतु एका प्रसंगी आईबापांचे दुःख समजून घेणे हा धर्म होता, आणि दुसऱ्या प्रसंगी मुलाचे.

यावरून अधिकाऱ्यांचे सदैव बरोबर असते असेही कोणी समजू नये. १० सप्टेंबर २०१९ रोजी स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या विस्तृत पीठाने नॉर्वेतील एका मातेच्या दाव्यात त्या राज्याने कुटुंबजीवनाच्या अधिकाराचा भंग केल्याचा निर्णय दिला. मूल एकदा दूर नेले म्हणजे काम संपले असे नाही. ते व त्याचे आईबाप पुन्हा एकत्र यावेत यासाठी झटणे हेही राज्याचे कर्तव्य होय, असा त्या न्यायालयाचा रोख होता. बर्लिनमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये एका भारतीय दांपत्याची सात महिन्यांची कन्या अशीच दूर नेली गेली. फौजदारी चौकशी २०२२ मध्ये आरोपपत्रावाचून बंद झाली, तरी जून २०२३ मध्ये तेथील न्यायालयाने आईबापांकडे ताबा दिला नाही. त्या महिन्यात आपल्या संसदेच्या ५९ सदस्यांनी, पक्षभेद विसरून, जर्मन राजदूतास पत्र लिहिले. मूल आपल्या भाषेत आणि आपल्या धर्माच्या वातावरणात वाढावे, ही चिंता परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनीही २०२२ मध्ये जर्मनीपुढे मांडली होती. ही चिंता योग्यच होती. भाषा, अन्न, देवघर यांवाचून वाढणाऱ्या बालकाचे शरीर सुरक्षित राहिले तरी त्याचे काहीतरी हरवते.

आता आपल्या संकल्पाकडे वळू. रात्र बरीच झाल्यावर मला एक जुनाच शब्द आठवला, जो मी भाषांतरात अनेकदा लिहिला होता आणि ज्यावर कधी थांबलो नव्हतो: योगक्षेम. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी अनन्य भक्तांचे जे वाहण्याचे वचन दिले आहे, ते हेच. आचार्यांच्या परंपरेप्रमाणे योग म्हणजे जे नाही ते मिळणे, आणि क्षेम म्हणजे जे आहे ते सुरक्षित राहणे. मराठीत ‘योगक्षेम चालणे’ म्हणजे पोटापाण्याची व्यवस्था होणे, इतका हा शब्द झिजला आहे. परंतु पाठशाळेत समास सोडविताना गुरुजी सांगत की, हा समाहारद्वंद्व आहे. दोन पदे आहेत, पण त्यांचा मिळून एकच अर्थ होतो, म्हणूनच शब्द एकवचनी. भगवंतांनी एका हातात योग आणि दुसऱ्या हातात क्षेम घेतलेला नाही. जे वाहावयाचे ते एकच ओझे आहे.

वियुक्त कुटुंबाची सारी व्यथा या समासाच्या फुटण्यात आहे. आईबाप केवळ योग मागतात: मूल आमच्यापाशी येऊ द्या. अधिकारी केवळ क्षेम पाहतो: मूल सुरक्षित राहू द्या. दोघेही खरे अर्धे शब्द बोलत असतात. योगावाचून क्षेम म्हणजे अनाथपण. मूल जेवते, शिकते, आणि दाराकडे पाहत राहते. क्षेमावाचून योग म्हणजे पट्टा टांगलेल्या खोलीत परत जाणे. मनुष्याच्या बुद्धीला पुष्कळदा दोन्ही एकदम साधत नाहीत, म्हणूनच प्रार्थनेची गरज आहे. मागावयाचे ते हेच की, जे आमच्या हातून फुटले ते, हे प्रभो, तुझ्या हातात एक होवो; आणि ते एक होईपर्यंत मूल ज्यांच्या हाती आहे त्यांचे हात मायेचे होवोत.

एका मातेने हे मागितल्याचा दाखला आम्हा रायपूरकरांच्या अंगणातच आहे. रायपूरजवळील चंदखुरी येथे तलावाच्या मध्यभागी माता कौसल्येचे मंदिर आहे, आणि दक्षिण कोसल हे तिचे माहेर अशी या प्रांताची श्रद्धा आहे. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात रामाला वनवास सांगितला जातो तेव्हा कौसल्या आधी आकांत करते. जाऊ नकोस म्हणते, मीही येते म्हणते, अन्नपाणी सोडीन म्हणते. त्या आकांताला वाल्मीकींनी कोठेही हीन लेखलेले नाही. परंतु जाणे अटळ आहे असे कळल्यावर ती आचमन करते, शुचिर्भूत होते आणि पुत्राचे स्वस्त्ययन आरंभिते. त्यात ती देवांना, पर्वतांना, समुद्रांना, ऋतूंना आणि महिन्यांना एकेक करून आळविते की, वनात माझ्या मुलाला सांभाळा. ब्राह्मणांकडून होम करविते. गरुडासाठी विनतेने आणि इंद्रासाठी अदितीने जे मंगल चिंतिले, ते माझ्या रामाला लाभो, असे म्हणून ती आपल्याआधीच्या मातांचे स्मरण करते. रक्षणाची औषधी त्याला बांधते, त्याचे मस्तक हुंगते. त्या सर्व स्वस्त्ययनात कैकेयीच्या नाशासाठी एक अक्षर नाही. चौदा वर्षे मूल आपल्या दृष्टीआड जाणार आहे, तेव्हा त्या प्रत्येक दिवशी ते सुखरूप असावे आणि शेवटी परत यावे, एवढेच तिचे मागणे. क्षेम आधी, पण योगाची आशा न सोडता.

देवकी-वसुदेवांनी तर स्वतःच्या हातांनी मूल यमुनेपलीकडे पाठविले. कारण आपल्या कुशीत ते वाचणार नव्हते. त्या कथेचा दुसरा भाग आपण सहसा विसरतो. मूल देवकीला परत मिळाले, तेव्हा गोकुळात यशोदेचे घर रिकामे झाले. ज्यांनी मधल्या काळात मुलाला भरविले, अंगाई म्हटली, तापात रात्र काढली, ती बालगृहातील बाई असो वा परदेशातील पालक-घर असो, त्यांचेही नाव प्रार्थनेत असले पाहिजे. ते शत्रू नव्हेत. ते वाटेतील गोकुळ आहे.

आमच्याच बलौदाबाजार जिल्ह्यातील तुरतुरिया हे स्थान वाल्मीकींचा आश्रम म्हणून लोक दाखवितात आणि लव-कुशांचा जन्म तेथे झाला असे मानतात. सीतेचे घर राजाज्ञेने मोडले होते, आणि राजा स्वतः तिचा पती होता. तेथे वाल्मीकींनी काय केले? केवळ जप केला असता तरी ऋषी म्हणून त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी आश्रय दिला, मुले वाढविली, शिकविली, आणि वेळ आली तेव्हा भर सभेत उभे राहून आपले तप पणाला लावून सीतेच्या शुद्धतेची साक्ष दिली. आपण जाणतोच की, त्या साक्षीनेही ते घर पूर्ण सांधले गेले नाही. सीता भूमीत गेली. साक्ष दिली म्हणून फळ हाती येईलच असे नाही. पण ज्याला सत्य ठाऊक आहे त्याने साक्ष न देता केलेली प्रार्थना अपुरी राहते, हे त्या आश्रमाचे सांगणे आहे.

कोणी म्हणेल, हे सर्व ठीक. पण साधकाने काही मागावेच कशाला? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला योगक्षेमाची चिंताही सोडण्यास सांगितले आहे ना? होय. परंतु सातव्या अध्यायात भगवंत चार प्रकारचे भक्त सांगतात, त्यांत पहिला आर्त आहे. आणि त्या चौघांनाही ते उदार म्हणतात. ज्या आईचे मूल दूर आहे ती आर्त आहे, आणि तिने निःस्पृहतेचे सोंग आणू नये. तिने रडून मागावे. योगक्षेमाची चिंता सोडणे याचा अर्थ योगक्षेमासाठी करावयाचे काम सोडणे असा नव्हे. काम आपले, भार त्याचा. आईबापांच्या हातून खरोखर अपराध घडला असला तरी प्रार्थनेचा अधिकार संपत नाही. उलट त्या प्रार्थनेत एक शब्द अधिक यावा लागतो, आणि तो पश्चात्तापाचा असावा लागतो. अशा बापासाठी आपणही मागावे; त्याला मुले लगेच मिळावीत म्हणून नव्हे, तर मुले ज्याच्याकडे निर्भयपणे धावत येतील असा तो व्हावा म्हणून.

आता त्या ‘साहेबलोकां’विषयी. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. एक अध्यक्ष व चार सदस्य, त्यांत निदान एक स्त्री. संकटातील मूल सापडले की, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत ते समितीपुढे आणावे लागते. घरची सामाजिक चौकशी १५ दिवसांत आणि अंतिम निर्णय चार महिन्यांत व्हावा, असे कायदा सांगतो. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय. मुलाला शक्य तितक्या लवकर आपल्या कुटुंबात परत मिळविणे हे तत्त्व. आणि मुलाचे स्वतःचे म्हणणे ऐकणे आवश्यक, हेही त्यात स्पष्ट आहे. आदेश मान्य नसेल त्याला ३० दिवसांत अपिलाचा मार्ग मोकळा आहे. कायद्यानेही योग आणि क्षेम दोन्ही मागितले आहेत, हे पाहून मला समाधान वाटले. तो राबविणारी माणसे चुकतात; कधी उशीर करतात, कधी गरिबीलाच दोष समजतात. तेथे विनयाने पण ठामपणे दाद मागावी. परंतु बाराव्या अध्यायात प्रिय भक्ताची लक्षणे सांगताना भगवंतांनी आरंभच कोणाचाही द्वेष न करण्यापासून केला आहे. त्यातून अधिकारी वगळलेला नाही. त्याची बुद्धी निर्मळ राहो, हे मागणे त्याचा पराभव होवो या मागण्यापेक्षा मुलाच्या अधिक हिताचे आहे. कारण मुलाचा उद्याचा दिवस त्या बुद्धीवरच अवलंबून आहे.

म्हणून अशा घरासाठी प्रार्थना करणाऱ्या गृहस्थांनी तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. पहिली, मुलांची नावे सभेत, मंदिराच्या फलकावर वा मोबाईलच्या संदेशांत फिरवू नयेत. अशा मुलांची ओळख उघड करण्यास त्याच कायद्याच्या ७४ व्या कलमाने मनाई आहे. आणि कायदा नसता तरी, मुलाची लाज झाकणे हा धर्म आहे. ईश्वराला नाव ठाऊक असते. दुसरी, जे पाहिले-ऐकले असेल ते योग्य ठिकाणी खरे सांगावे. घराच्या विरुद्ध असले तरी सांगावे, घराच्या बाजूचे असले तर अधिकच आवर्जून सांगावे. तिसरी, त्या घराला एकटे टाकू नये. मुलाला सांभाळणारे कोणी आहे की नाही, हेही समिती पाहते. जेवणाचा डबा, शाळेची ने-आण, व्यसनी मनुष्यास उपचाराला घेऊन जाणे, तारखेच्या दिवशी आईसोबत बाकावर बसणे, ही सर्व त्याच प्रार्थनेची उत्तरांगे होत.

दुसऱ्या दिवशी आजी आली तेव्हा मी संकल्पाचा समास सांगितला: बालयोर्योगक्षेमसिद्ध्यर्थम्. अर्थ उलगडून सांगितला, तशी ती म्हणाली, ‘म्हणजे माझ्याकडेच येतील असं नाही?’ मी म्हटले, ‘आजी, जिथे त्यांना मार बसणार नाही आणि तुम्ही भेटाल, तिथे येतील असं.’ तिने उदक सोडले. पाठ अकरा दिवस चालला. बाराव्या दिवशी तिने समितीपुढे जाऊन दिवाळीला काय पाहिले ते सांगितले. त्या दिवशी मीही गेलो आणि खिडकीची गोष्ट सांगितली. ते सांगताना मला जेवढी लाज वाटली तेवढी पाठशाळेत पाठ विसरल्यावरही कधी वाटली नव्हती.

फळ एकदम आले नाही. चौकशी झाली, गोंदियाच्या समितीकडून आजीच्या घराची पाहणी झाली, साडेतीन महिन्यांनी दोन्ही मुले आजीच्या स्वाधीन झाली, आणि आईही तिकडेच गेली. बाप उपचार घेत आहे. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी, दुसऱ्या मोठ्या माणसासमक्ष तो मुलांना भेटतो. त्याचे एकदा पाऊल घसरले, पुन्हा सावरले. पुढे काय होईल हे आज कोणी सांगू शकत नाही.

गेल्या श्रावणात आजी मुलांना घेऊन चंदखुरीच्या दर्शनाला आली होती. परतताना सर्वजण माझ्या ओसरीवर टेकले. धाकटी पेढा खात होती. नातू भिंतीला पाठ टेकून बसला होता आणि आजीला विचारीत होता, ‘बाबा आपल्याबरोबर कधी येतील गं?’ आजी म्हणाली, ‘आपण मागतोय ना बाळा, रोज.’ मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘गुरुजी, तो संकल्प अजून सोडलेला नाही.’

मीही सोडलेला नाही. रात्री लिहावयास बसतो तेव्हा मागल्या गल्लीकडची खिडकी आता उघडी असते.